‘एल्फांना कामच आवडतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जे. के. रोलिंगच्या ‘हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर’च्या, म्हणजे मालिकेतल्या चौथ्या पुस्तकाच्या, पुनर्वाचनावर मी लेख लिहिला होता. त्यात जादूगारांकडे बिनपगारी राबणारे एल्फ, म्हणजे घरकाम करणारे छोटे जीव, हे गुलामच आहेत असं म्हटलं होतं. त्याखाली एक प्रतिक्रिया आली. नाव देत नाही, नाशिकच्या गंगापूर रोडचे आहेत एवढं त्यांनीच सांगितलंय. म्हणतात: ‘ताई, जरा दमानं घ्या. मुलांचं पुस्तक आहे ते. एल्फांना काम आवडतं असं पुस्तकातच लिहिलंय, तुम्ही उगाच त्यात गुलामगिरी शोधताय. प्रकरणाचा आकडाही चुकलाय. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल चालवायला शिकवता. आणि लेखिका आज काय बोलते यावर चकार शब्द नाही, तिला पैसे मात्र मिळवून देताय.’

‘ताई’ म्हणालात, बरं वाटलं. पुढच्याच तीन शब्दांत त्यावर पाणी ओतलंत. दमानं घ्या! कुठली ओळ दमानं घेतली नाही ते सांगितलं असतंत तर बोलता आलं असतं. बरं, ‘मुलांचं पुस्तक’ हे कसलं कारण? ब्रिटिश आवृत्तीची ६३६ पानं, आत खून, छळ आणि खोटी साक्ष. २००१ मध्ये ह्यूगो पारितोषिक मिळालं ते मोठ्यांच्या कादंबऱ्यांशी स्पर्धा करून. मुलांचं आहे म्हणून ढिलं वाचायचं, हे मुलांना सांगून बघा.

चूक मान्य. हॅरीची मैत्रीण हर्मायनी एल्फांच्या हक्कांसाठी संघटना काढून तिचे बिल्ले दाखवते, तो प्रसंग १५व्या नाही, १४व्या प्रकरणाच्या शेवटी आहे. दुरुस्त केलंय, आभार. (१४वं प्रकरण उघडलंच होतंत, तर बाकीच्या ओळी कशा सुटल्या?)

आता तुमचं ते वाक्य. ‘आवडतं असं पुस्तकातच लिहिलंय.’ लिहिलंय, हो. पण कोणाच्या तोंडी? पुनर्वाचनात मी प्रत्येक प्रकरणाला एक चिठ्ठी करते आणि तिच्यावर तीन रकाने पाडते: कोण बोललं, कोणासमोर, आणि बोलणाऱ्याचं त्यात काय अडकलंय. पहिल्या रकान्यात नावं येतात रॉन, जॉर्ज आणि हॅग्रिडची. सगळे हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचं आयतं जेवणारे. खाली स्वयंपाकघरात शंभराहून जास्त एल्फ राबतात हे हर्मायनीला कळतं १२व्या प्रकरणात, भरल्या ताटावर, तेही एका भुताकडून. शाळेच्या इतिहासाच्या हजारावर पानांच्या पुस्तकात एल्फांचा एकदाही उल्लेख नाही, हे ती पुढे १५व्यात बोलून दाखवते.

एल्फ स्वतःही ‘आम्ही सुखात आहोत’ म्हणतात, हे खरं. पण कोणासमोर म्हणतात? सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘आमच्या मावशींना सुट्टी नकोच असते’ हे तुम्हीही ऐकलं असेल. मावशींना कोणी विचारलं होतं, आणि तेव्हा मॅडम शेजारी उभ्या होत्या का? तिसरा रकाना त्यासाठी.

मालकाकडून सुटलेल्या डॉबी या एल्फाचंच बघा, प्रकरण २१. शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर देऊ करतात आठवड्याला १० गॅलियन (जादूगारांची सोन्याची नाणी) आणि शनिवार-रविवार सुट्टी. डॉबी घासाघीस करून खाली येतो: आठवड्याला १ गॅलियन, महिन्याला १ दिवस सुट्टी. निफाड-दिंडोरीकडे पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं तेव्हा रक्कम खाली ओढतो मालक, इथे गडीच ओढतोय. एक गॅलियन म्हणजे १७ सिकल, चांदीची नाणी. हर्मायनीच्या डब्यात साधारण ५० बिल्ले, संघटनेची वर्गणी २ सिकल. सगळे खपले असते तरी झाले १०० सिकल, म्हणजे डॉबीचा जेमतेम सहा आठवड्यांचा पगार. सबंध स्वयंपाकघरात पगार मागणारा हा एकटा, आणि त्यालाही जास्त मागायची लाज वाटते. याला तुम्ही आवड म्हणता?

आणि विंकी, क्राउच या बड्या अधिकाऱ्याची एल्फ. आठव्या प्रकरणात ती जादूगारांच्या खेळाच्या विश्वचषकात सर्वांत उंच कक्षात बसलीय. उंचीची भीती वाटते, तरी मालकासाठी शेजारची खुर्ची धरून. पहिल्या वाचनात आपण हसतो आणि पान उलटतो. दुसऱ्या वाचनात माहीत असतं की ती खुर्ची रिकामी नाही, अदृश्य करणाऱ्या झग्याखाली मालकाचा मुलगा, धाकटा क्राउच, तिथे बसलाय. अख्ख्या कादंबरीचं रहस्य तिच्या हाताशी आहे आणि तिला कोणी काही विचारत नाही. नवव्या प्रकरणात तिला काढून टाकतात. २८व्यात ती दिवसाला सहा बाटल्या बटरबिअर पिऊन चुलीपाशी पडलेली असते. बाकीचे एल्फ काय करतात? चौकटीचं मोठं टेबलक्लॉथ आणतात, तिच्या अंगावर घालतात आणि कडा नीट खोचून ठेवतात, पाहुण्यांना दिसायला नको म्हणून. वर पाहुण्यांची माफी मागतात: काम असताना, मालक असताना एल्फाला दुःखी व्हायचा हक्क नाही. ‘पुस्तकातच लिहिलंय’ ते हेही लिहिलंय.

तुमच्या डोक्यात २००५चा सिनेमा असावा अशी शंका येते. त्यात विंकी नाही, हर्मायनीची संघटना नाही, डॉबीसुद्धा नाही. सिनेमा बघून मग पुस्तक चाळलं की हीच पानं ‘भरती’ वाटतात.

‘उगाच शोधताय’बद्दल एकच. ३४वं प्रकरण उघडा. खलनायक व्होल्डेमॉर्टच्या कांडीतून त्याचे बळी उलट्या क्रमानं, शेवटचा आधी असे, बाहेर येतात. हॅरीची आई लिली त्याच्या वडिलांनंतर, जेम्सनंतर, मेली, म्हणजे आधी ती यायला हवी. सुरुवातीच्या छपाईत जेम्स आधी येतो, पुढच्या छपाईत ते सुधारलं. पुस्तकावर जीव असलेले लोकच असलं शोधतात. सिग्नलवरची पायरेटेड प्रत असेल तर आधी पानांचे आकडे तपासा, कधी कधी एखादा फर्माच गळलेला असतो, १६ पानं एकदम.

पेन्सिलचं म्हणाल तर पुस्तकावर चालवा असं मी लिहिलेलंच नाही. ए-फोर कागदांचे आठ-आठ तुकडे, प्रकरणाला एक, एकूण ३७. त्यावर पानाचा नाही, प्रकरणाचा आकडा घालायचा, कारण अमेरिकन आवृत्ती ७३४ पानांची आहे आणि पानं जुळत नाहीत. चिकटचिठ्ठ्या नकोत, डिंक कागदावर राहतो. रोज तीन प्रकरणं धरली तर १३व्या दिवशी संपतं, घाईनं वाचलं तर आपल्याला आवडलेलंच तेवढं टिपलं जातं. २३ वर्षं सार्वजनिक वाचनालयाची सभासद आहे, पुस्तक कसं हाताळायचं ते मला तरी शिकवू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारायला हवी होती, विचारली नाहीत. चौथ्या पुस्तकानं उभा केलेला हा प्रश्न सातव्यात कुठे जातो? लढाई संपते, आणि उपसंहाराआधीच्या शेवटच्या प्रकरणाच्या अखेरीस हॅरीच्या मनात येतं की त्याचा एल्फ क्रीचर सँडविच आणून देईल का. तिथे माझ्याकडे उत्तर नाही, आणि तिथे तुम्ही मला पकडलं असतंत.

लेखिकेची गेल्या काही वर्षांतली ट्रान्स व्यक्तींबद्दलची मतं आणि पैशांचा मुद्दा: माझी प्रत वाचनालयाची. आपल्याकडे पुस्तक वाचायला नेलं म्हणून लेखकाला पैसे जात नाहीत, ब्रिटनमध्ये जातात. मतांवर सध्या लिहायचं नाही, लेख एल्फांवर होता. हे टाळणं वाटत असेल तर वाटू द्या.

२८वं प्रकरण वाचून झालं की लिहा. टेबलक्लॉथच्या परिच्छेदासकट. तेव्हाही ‘दमानं घ्या’ म्हणावंसं वाटलं तर म्हणा.