लशींची खोकी पोहोचली म्हणजे लसीकरण झाले?

‘श्रीमंत देशांनी गरीब देशांना पुरेशा लशी फुकट पाठवल्या की प्रश्न मिटला; ते देश स्वतः दमडीही खर्च करत नाहीत आणि तरीही उरलेली मुले पालकांच्या अज्ञानामुळे लशीविना राहतात,’ असे एक विधान सर्रास पुढे पाठवले जाते. यातले तीनही दावे तपासून पाहण्याजोगे आहेत.

पहिला दावा कुपीलाच लसीकरण समजतो. डिसेंबर २०२१मध्ये नायजेरियाने कोविडवरील लशीच्या दहा लाखांहून अधिक मुदतबाह्य मात्रा नष्ट केल्या; दान म्हणून आलेल्या लशींची मुदत संपायला अनेकदा काही आठवडेच उरलेले असत. शिवाय नेहमीच्या लशी बहुतांशी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानातच टिकतात. उष्णतेची धास्ती सगळ्यांनाच असते, पण पेंटाव्हॅलेंटसारखी (पाच आजारांवरची एकत्रित) लस गोठली तरीही निकामी होते, आणि बर्फाला टेकलेली कुपी वरवर अगदी ठीक दिसते. म्हणून शीतकपाट, त्याची वेळेवर दुरुस्ती, इंधन आणि लस टोचणाऱ्या सेविकेचा नियमित पगार यांची तरतूद नसेल, तर फुकटची लसही महागच पडते.

दुसरा दावा सरळ चुकीचा आहे. ‘गॅव्ही’ ही लसपुरवठ्यासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था २००८पासून लाभार्थी देशांकडून लशीच्या किमतीतला वाटा घेते. सर्वांत गरीब देशांसाठी तो वर्षानुवर्षे डोसमागे २० सेंट होता, आणि देशाचे उत्पन्न वाढते तसा तो वाढवत नेऊन अखेरीस पूर्ण खर्च त्या देशाने उचलावा, अशी ही रचना आहे. एकेकाळी मदत घेणारा इंडोनेशिया आज त्याच संस्थेचा देणगीदार आहे. काही सरकारे हप्ते थकवतात, हे मात्र नाकारता येणार नाही.

उरला अज्ञानाचा आरोप. उत्तर नायजेरियातील कानो राज्याने २००३मध्ये पोलिओ लसीकरण थांबवले, तेव्हा त्याचा फटका शेजारी देशांनाही बसला. तो निर्णय घातकच होता. पण १९९६च्या मेंदूज्वराच्या साथीत त्याच राज्यातील मुलांवर झालेल्या वादग्रस्त औषधचाचणीची आठवण तिथे ताजी होती, आणि अशा अविश्वासाला अज्ञान म्हणणे हा आळस आहे. २००४मध्ये तोडगा निघाला तो पत्रके वाटून नव्हे, तर स्थानिक नेत्यांशी बोलून आणि त्यांना विश्वासार्ह वाटलेल्या इंडोनेशियातून लस मागवून.