शब्द म्हणे फक्त ७ टक्के!

संवादकौशल्याचं शिबिर असो की सकाळी सकाळी आलेला फॉरवर्ड, हे गणित हमखास भेटतं: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजातल्या चढउताराचा ३८ आणि देहबोलीचा ५५. शेपूट म्हणून आणखी दोन दावे येतात. मेंदू शब्दांकडे फारसं लक्षच देत नाही, आणि देहबोली वाचता आली की खोटं लगेच पकडता येतं.

‘हे विज्ञानाने सिद्ध झालंय.’ आकडे हवेतून आलेले नाहीत, एवढं मान्य. १९६७ साली मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसोबत केलेल्या दोन प्रयोगांतून ते जुळवले गेले. एकात सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवले होते. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द आणि सोबत चेहऱ्याचे फोटो. बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, एवढंच ओळखायचं होतं. दुसऱ्या प्रयोगातला शब्द मुद्दाम असा निवडला होता की त्यातून ना आवड कळावी, ना नावड. मग त्याच्या वाट्याला टक्के येणार तरी किती? हे सूत्र भावना आणि आवडीनिवडीच्या बोलण्यापुरतंच आहे, असा खुलासा खुद्द मेहराबियन यांनीही केला आहे. तो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘मेंदू शब्दांकडे लक्ष देत नाही.’ खरा घोळ इथे आहे. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? २००९ साली १० भाषांची तुलना झाली, तेव्हा हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. उलट, चित्र पाहून त्यातल्या वस्तूचं नाव उच्चारायला लागायलाच साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य चालू असतानाच ते कुठे संपणार याचा अंदाज घेऊन मेंदू उत्तराच्या तयारीला लागलेला असतो. हा अंदाज कशावरून? डच संभाषणांवरच्या २००६ च्या एका प्रयोगात काही वाक्यांतले आवाजाचे चढउतार काढून ती सपाट केली, तरी लोकांना वाक्याचा शेवट जवळपास तितक्याच अचूकपणे हेरता आला. मग सूर ठेवून शब्द ओळखू येणार नाहीत असे केले, तेव्हा मात्र अंदाज कोसळला.

त्याहून बोलकं उदाहरण लबोर्न्यं या फ्रेंच रुग्णाचं. त्याच्या तोंडून जवळपास एकच अक्षर निघे, ‘तां’. सूर शाबूत, आणि उजवा हात लुळा पडला तरी डाव्या हाताचे हातवारे चालू. फॉरवर्डच्या हिशेबाने या माणसाचा ९३ टक्के संवाद सुरळीत चालायला हवा होता. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याला विचारलं, इथे किती वर्षं आहेस? त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं: २१. आकडा बोटांवर बसला. पण सगळंच काही हातवाऱ्यांत मावेना. आपलं म्हणणं समोरच्याला कळलं नाही की तो चिडायचा, आणि अशा वेळी एखादी शिवी तेवढी स्पष्ट बाहेर पडायची. तो वारल्यावर ब्रोकांना त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, इजा दिसली.

‘निदान देहबोलीचे ५५ तरी खरे?’ सूर आणि चेहरा बिनकामाचे आहेत असं कोण म्हणतंय! मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काहींना बोलण्यातला राग किंवा उपहास उमगत नाही, आणि त्यांचं घरच्यांशी होणारं बोलणं फार अवघड होऊन बसतं. पण ‘वा, फार छान काम केलंस!’ हा टोमणा घ्या. सूर काढला तर ती शाबासकी ठरते, शब्द काढले तर नुसतं हुंकारणं उरतं. यात कुणाचे किती टक्के, हा प्रश्नच चुकीचा; इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. आणि बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेला देहबोलीत मोजणाऱ्यांसाठी एक गोष्ट: तिलाही रीतसर व्याकरण असतं, आणि मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर खुणा करणाऱ्याचीही भाषाच बिघडते.

‘देहबोलीवरून खोटं पकडता येतं.’ २००६ मध्ये या विषयावरच्या दोनशेहून अधिक अहवालांचा एकत्र आढावा घेतला गेला. खरंखोटं ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरले. नाणं उडवलं तरी ५० जमतात. आणि त्यातही, नुसत्या दिसणाऱ्या खोट्यापेक्षा ऐकू येणारं खोटं जास्त वेळा पकडलं गेलं.