जिलबी एकदम शार्प आली होती

आत्ताच घरी येऊन आंघोळ करून बसलोय. मोज्यातली कुसळं निघाली, डोकं काही थंड होत नाही. म्हणून लिहून टाकतो. ज्यांना राग यायचाय त्यांना येऊ दे, सगळे हे वाचणाऱ्यांतच आहेत.

पहाटे साडेपाचला निघालो. चार माणसं, एक गाडी, नऊ लेन्स. डोणजे सोडून पानशेतच्या बाजूला एक काटेसावर आहे. गेल्या रविवारी बाईकवरून जाताना बघितली तेव्हा नुसत्या कळ्या होत्या. पंचांगात अजून शिशिरच चालू आहे, पण झाडाला पंचांग कोण वाचून दाखवणार? आज गेलो तर अख्खं झाड पेटलेलं. पान औषधाला नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यावर भोरड्या पक्ष्यांचा असा कलकलाट की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना.

आणि आमच्या मंडळींनी काय केलं? झाडाकडे पाठ करून, कुठली लेन्स किती शार्प ते तपासायला शेजारच्या पडक्या गोठ्याच्या भिंतीला पेपर चिकटवला.

हो, पेपर. वर्तमानपत्र. चिकटपट्टी घरून आणली होती! मग ट्रायपॉड लागला. लेन्सचं तोंड सताड उघडं, म्हणजे एफ १.८ ला एक, मग थोडं थोडं मिटत २.८ ला एक, ४ ला, ५.६ ला, ८ ला, ११ ला. मग लेन्स बदल, पुन्हा पहिल्यापासून. मग स्क्रीनवर झूम करून चौघांतले तिघं डोक्याला डोकं लावून पेपरच्या कोपऱ्यातली 'वधू पाहिजे' वाचतायत. चाळीस फुटांवर मध्य आशियातून आलेले पाहुणे मध पितायत, एप्रिलपर्यंत परत निघून जातील, आणि हे 'वधू पाहिजे' मधल्या वेलांटीची कड बघतायत.

तुम्ही म्हणाल, तू कोण शहाणा लागून गेलास? तेच सांगतो.

२०१४ साली दादाच्या मुलाची मुंज होती. मी नुकतीच ५० एमएम १.८ लेन्स घेतली होती. व्हिडिओवाला बाहेरचा, फोटो मात्र 'आपला घरचा आहे ना' म्हणून माझ्याकडे. आणि मी गाढवासारखा सगळी मुंज १.८ वर काढली. का? तर मागचं धूसर छान येतं. मातृभोजनाचा फोटो आहे त्यातला. वहिनी बटूला घास भरवतेय, बाजूला अष्टवर्गातली पोरं, मागे खुर्चीवर आजी. दीड मीटरवरून १.८ ला जेमतेम चार बोटं जागा स्पष्ट येते. ती चार बोटं माझ्या नशिबाने ताटातल्या जिलबीवर पडली. जिलबी अशी आली की पाकाचा थेंब मोजून घ्या. बटू मऊ, म्हणजे धूसर. वहिनी मऊ. आजी म्हणजे एक हिरवट डाग, ती तिची इरकली.

आजी त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेली.

असो. आजचं सांगत होतो.

सातनंतर ऊन झाडावर आलं. खाली पडलेलं एक फूल उचललं. काटेसावरीचं फूल हातात घेतलंयत कधी? पाकळी चामड्यासारखी जाड, खालचा पेला वजनदार, आत तीन मुंग्या. पडताना 'टप्' असा आवाज येतो, पिकलेलं फळ पडावं तसा. झाडावरच्या पक्ष्यांची कपाळं परागांनी पिवळी झालेली. हे मी ओरडून ओरडून सांगत होतो. शेवटी आमच्या बँकवाल्या मित्राने कॅमेरा झाडाकडे वळवला. मला वाटलं, चला, सुटलो. त्याने एक फोटो काढला, झूम केला आणि म्हणाला, "हे बघ, फांदीच्या कडेला जांभळं येतंय. लेन्सची काच ठीक नाही." अरे, त्याच फांदीवर काळी-गुलाबी भोरडी बसलीय, डोक्यावरचा तुरा फुलवून! गुलाबी दिसत नाही, जांभळं बरोबर दिसतं.

आता मान्य करतो, नवी लेन्स तपासावी लागते. कधी फोकस पुढेमागे पडतो, कधी एक बाजू मऊ निघते, आणि मुदत उलटली की दुकानदार ओळख दाखवत नाही. दोन महिन्यांच्या पगाराची वस्तू आहे, तपासा ना. पण गच्चीत तपासा! पुण्यात भिंती कमी पडल्यात का?

आणि एवढं करून निघालं काय? एफ ८ ला सगळ्याच लेन्स शहाण्या होतात. माझी कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी १८-५५ आणि आमच्यातल्या डॉक्टरची ती मानाची, दोघींचा ८ वरचा पेपर शेजारी ठेवला, तर डॉक्टरलाच ओळखता आला नाही. (तो म्हणाला, उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही. बरं.)

साडेनऊला ६०० एमएमवर, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, पाण्यापलीकडचा टॉवर टिपून 'ही लेन्स सॉफ्ट आहे' असा निकालही लागला. लेन्स नाही रे बाबांनो, हवा! जमीन तापली की वरची हवा थरथरते, आणि तेवढ्या हवेतून कितीही महाग काच असली तरी टॉवर पाण्यात बुडवल्यासारखाच दिसणार. तापल्या तव्यावरून पलीकडचा डबा हलताना दिसतो, तेव्हा काय डबा बदलून आणतो का आपण?

तेवढ्यात एक आजोबा म्हशी घेऊन आले. तीन ट्रायपॉड, भिंतीला कागद, वहीत आकडे. थांबले, चेहरा उतरला. म्हणाले, "रिंगरोडची मोजणी का?"

नाही म्हटलं तरी विश्वास बसेना. "मग त्या भिताडाचं फोटू कशापायी?" याला आमच्यातल्या एकाकडेही उत्तर नव्हतं. एवढा खर्च, एवढी हौस, आणि म्हाताऱ्या माणसाची जमीन जातेय की काय अशी धडकी भरवून ठेवली आम्ही.

खात्री पटल्यावर म्हणाले, "एक माझा काढा की." तर सहाशेवाला त्यांना म्हणतो, आजोबा, जरा मागे व्हा. अजून मागे. अजून थोडं. बिचारे बाभळीपर्यंत गेले, म्हशी त्यांच्या मागे. इथे मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. दिवसभरातलं पहिलं.

मी त्यांना परत बोलावलं. काटेसावरीखाली उभं केलं, १८-५५ लावली, एफ ८. जिलबीनंतर मी माणसाचा फोटो १.८ वर काढलेला नाही. टोपी, मिशी, मागची फुलं, म्हशीचं शिंग, सगळं आलंय. कोपरे मऊ असतील. मी बघितले नाहीत.

रात्रीचे अकरा वाजलेत आणि ग्रुपवर पेपरचे बेचाळीस फोटो येऊन पडलेत, वर 'तुम्हाला कुठला बरा वाटतो?' मला त्यातला तो बरा वाटतो ज्यात वाऱ्याने पेपर उडाला आणि मागे झाड दिसतंय.

आजोबांचा फोटो प्रिंटला टाकलाय. पुढच्या रविवारी द्यायला जाणार आहे, फुलं अजून आठ-दहा दिवस टिकावीत. साडेपाचलाच निघायचंय. गाडीत तीन जागा आहेत. चिकटपट्टी घरी ठेवून या.