९६० एफपीएसचा मेसेज फिरतोय, तो अर्धाच खरा आहे

"फोनवर ९६० एफपीएस लिहिलंय म्हणजे तो सेकंदाला ९६० फ्रेम शूट करतो" असा स्लो मोशन व्हिडिओबद्दल मेसेज फिरतोय (एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं), पण हे सगळ्या फोनना लागू नाही. बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) २४० किंवा ४८० फ्रेमच घेतो आणि मधले फ्रेम सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. सोनीच्या २०१७ च्या एक्सपीरिया एक्सझेड प्रीमियममध्ये ९६० खरे होते, सेन्सरलाच मेमरी जोडलेली म्हणून, पण तेही ७२०पी, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमी पिक्सेलचं चित्र, आणि सेकंदाचा अगदी छोटा तुकडा.

घरी बघायचं तर भर उन्हात पाण्याने भरलेली वाटी ठेवा, वरून थेंब पाडा आणि क्लिप एकेक फ्रेम सरकवत बघा. खऱ्या फ्रेममध्ये शिंतोड्याची कड स्वच्छ दिसते, बनवलेल्यात ती वितळल्यासारखी होते, थेंब मध्येच गायब होतो नि परत येतो. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली मात्र टेस्ट करू नका प्लीज, आपली लाईट ५० हर्ट्झची, उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, क्लिप लुकलुकते आणि लोक उगाच कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

आणि "कॅसिओ २००८ मध्येच १२०० देत होता" म्हणणाऱ्यांना, हो, त्यांचा ईएक्स-एफ१ कॅमेरा सेकंदाला १२०० फ्रेम देत होता, पण चित्र ३३६ बाय ९६ पिक्सेल, नुसती पट्टी!