राणी रंगाला 'खोटा' ठरवणारा दावा

"मजेंटा नावाचा रंग अस्तित्वातच नाही. त्याला तरंगलांबी नाही. तांबड्या आणि निळ्याजांभळ्याची सरासरी हिरवी येते, म्हणून मेंदू ती सोडून हा रंग मनाने रचतो." हा दावा खूप फिरतो. साडीच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात, त्याच्या जवळचाच हा रंग.

एवढं खरं, की मजेंटाची अशी एकच तरंगलांबी नाही. पण तेवढ्यावरून रंग खोटा ठरत असेल, तर पांढरा, तपकिरी, फिकट गुलाबी हेही बाद करावे लागतील. मोबाईलवरचा पिवळासुद्धा! सुमारे 580 नॅनोमीटरचा प्रकाश पिवळा दिसतो, पण पडद्यावरचा पिवळा तिथून येत नाही. जोरकस भिंगातून पाहा: फक्त लाल आणि हिरवे ठिपके पेटलेले असतात.

सरासरीची गोष्ट तर मुळातच चुकीची. डोळा तरंगलांबी मोजत नाही, मग सरासरी कशाची काढणार? डोळ्यात तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांचा सर्वाधिक प्रतिसाद साधारण 420 ते 440, 530 आणि 560 नॅनोमीटरला मिळतो. त्या प्रतिसादांची आपसात तुलना होते. बाकी दोघींच्या मानाने मधली जोरात असली की हिरवा दिसतो, ती मागे पडली की मजेंटा. दोन्ही स्थिती एकमेकींच्या उलट आहेत.

'मेंदू रचतो' हे मान्य केलं, तरी ते एकट्या मजेंटाला लागू नाही. किरण स्वतः रंगीत नसतात, हे न्यूटनने 1704 मध्येच लिहून ठेवलंय. रंग मनात असतो की वस्तूच्या पृष्ठभागात, हा वाद खरा आहे आणि अजून मिटलेला नाही. मात्र त्याचा निकाल काहीही लागो, तांबडा आणि मजेंटा एकाच बाजूला राहतील.

हा रंग प्रत्यक्ष पाहता येतो. पांढऱ्या कागदावर 3-4 मिलिमीटर रुंदीची काळी पट्टी काढा, कागदावर भरपूर उजेड पाडा. काचेचा त्रिकोणी लोलक पट्टीला समांतर डोळ्याशी धरून हळूहळू मागे सरका. आधी एका कडेला तांबडा-पिवळा आणि दुसऱ्या कडेला निळा-जांभळा दिसेल, मध्ये काळं. काळं हटत नसेल तर पट्टी रुंद आहे किंवा तुम्ही फार जवळ आहात. आणखी मागे गेलात की तांबडा आणि जांभळा एकमेकांवर येतात, आणि तिथे झळझळीत मजेंटा उमटतो.