राधिका, जेन आणि विचारलं गेलेल्या बायका

ताई,

तुमची प्रतिक्रिया आली त्या दिवशी लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण रागात लिहिलं असतं म्हणून चार दिवस थांबले. मागच्या लेखात मी 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेतली राधिका आणि शार्लट ब्रॉन्टेची जेन एअर यांना शेजारी बसवलं, ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं असं, की अभिजात कादंबरी कुठे आणि टीआरपीवर जगणारी मालिका कुठे! दुसरं, दोघी एवढ्या लढल्या आणि शेवटी पुन्हा लग्नच करून बसल्या, म्हणजे प्रेमानं नायिकेची माती केली. तिसरं, मीही राधिकेसारखी नागपूरची, म्हणून राधिकेला झुकतं माप देते. आणि शेवटी बर्था मेसनबद्दल, म्हणजे जेनचं ज्याच्यावर प्रेम आहे त्या रॉचेस्टरच्या पहिल्या बायकोबद्दल, एकच वाक्य लिहिलंत. त्या वाक्यानं मला जास्त त्रास दिला.

झुकतं माप देते, हे खरं आहे. आपली बोली पडद्यावर यायची ती बहुतेक वेळा हसवायला. २०१६ मध्ये ती मालिकेच्या नायिकेच्या तोंडी आली, रडताना आणि नवऱ्याला जाब विचारतानाही आली. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी काकू उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीवर टीव्हीचा आवाज चढवून बसायची आणि एखादा शब्द चुकला की पडद्याला सांगायची, "असं नाही म्हणत आपण, बाप्पा." चुका काढायची, पण एक भाग चुकवायची नाही.

अभिजात आणि मालिका यांच्यामध्ये तुम्ही जी भिंत घालता, ती मला मान्य नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी आधी त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात, १८९० पासून, हप्त्याहप्त्यानं छापून आली. तिची नायिका यमू, तिचं पुढे काय होतं याची वाट लोकांनी आठवडा आठवडा पाहिली. नावच बघा ना, 'करमणूक'! हप्त्यानं येतं म्हणून काही हलकं ठरत नाही. मालिका घसरते ती वेगळ्या कारणानं. लोक बघताहेत तोवर ती संपू द्यायची नसते. २०१६ ते २०२१ एवढी वर्षं राधिकेच्या नवऱ्याचं, गुरुनाथचं, खोटं पकडलं जातं, सुटतं, पुन्हा पकडलं जातं. जी बाई पहिल्याच वर्षी घराबाहेर पडली असती, तिला सहनशील करून ठेवावं लागतं. इथे तुमचा राग रास्त आहे. मालिकेच्या नावातसुद्धा दोन बायका आहेत आणि दोघींनाही स्वतःचं नाव नाही. ब्रॉन्टेबाईंनी १८४७ मध्ये पुस्तकाला नायिकेचंच नाव दिलं होतं.

पण प्रेमानं नायिकेची माती होते, हे मला पटत नाही.

जेन दोनदा नाही म्हणते. रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत आहे हे लग्नाच्या वेदीपाशी कळतं. तो गयावया करतो, तुझं असं कोण आहे ज्याला वाईट वाटेल, असंही विचारतो. जीव त्याच्यात अडकलेला असताना ती अंगावरच्या कपड्यांनिशी पहाटे निघून जाते. हे नाही सगळ्यांना आठवतं. दुसरं नाही फारसं कुणी काढत नाही. सेंट जॉन हा तिचा आतेभाऊ, सज्जन, धर्मप्रचारासाठी हिंदुस्थानात यायला निघालेला. तो तिला हिंदुस्तानी शिकायला बसवतो आणि मग सांगतो, माझी बायको होऊन चल. त्याचं तिच्यावर प्रेम नाही, त्याला कामाला जोडीदारीण हवी आहे. ती म्हणते, सोबतीण म्हणून येते, बायको म्हणून नाही. आपल्याकडच्या किती मुलींनी हेच स्थळ 'मुलगा निर्व्यसनी आहे' म्हणून मुकाट्यानं पत्करलं असतं! पहिल्या नकाराच्या वेळी प्रेम होतं पण मान राहिला नसता, दुसऱ्या वेळी मान होता पण प्रेम नव्हतं. आणि परत जाते तेव्हा काकाचे वीस हजार पौंड तिच्या नावे आलेले आहेत, त्यातले पंधरा हजार तिनं सेंट जॉन आणि त्याच्या दोन बहिणींना वाटून दिलेत. आसऱ्यासाठी परत गेलेली बाई नाही ही.

यमूकडेही बघा. नवऱ्याच्या, रघुनाथरावांच्या, सोबतीनं ती वाचू-लिहू लागते, मुंबईच्या बिऱ्हाडात नवरा-बायको मोकळेपणानं बोलतात. ते गेल्यावर तिचं बळजबरीनं केशवपन होतं. कादंबरीतून ते मुंबईतले दिवस काढून टाका, मग ती कात्री एवढी खोल लागेल का? तिचं काय हिरावलं गेलं हे त्या प्रेमामुळेच कळतं.

आता काकूचं सांगते. मागच्या लेखात टाळलं होतं. ती बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. दोन वर्षांनी तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं, ओळखीतलंच, शाळेत नोकरी असलेलं. घरच्या मोठ्यांनी ते दारातूनच परत पाठवलं. काकूला ते कळलं अकरा वर्षांनी, कुणाच्या तरी बारशात, बोलता बोलता. त्या माणसाशी तिनं लग्न केलं असतं की नाही, मला माहीत नाही. तीही सांगत नाही. मालिकेत राधिकेचं सौमित्रशी लग्न ठरलं तेव्हा काकू मेथी निवडत होती. हात थांबले, काडी तशीच बोटांत राहिली. मला वाटलं, तिला आवडलं नाही. ती म्हणाली, "हिला विचारलं तं कोणी." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

राधिकेनं मसाल्यांचा धंदा उभा केला तिथेच मालिका संपवायला हवी होती, असं तुम्ही लिहिलंत. काकूनं पंचवीस वर्षं शिवणकाम करून एकटीनं घर चालवलं. सगळे तिला खंबीर म्हणतात. तो शब्द ऐकला की ती विषय बदलते. म्हणून एकटी राहिली म्हणजेच नायिका जिंकली, असं मला लिहिता येत नाही.

राहिलं बर्थाचं वाक्य. 'जेनच्या संसाराखाली एका बाईची राख आहे,' असं तुम्ही लिहिलंत. याला माझ्याकडे उत्तर नाही. बर्था कोंडलेली, तिची बाजू तिच्या तोंडून कुठेच येत नाही. ती घराला आग लावून छपरावरून उडी घेते, तेव्हा कुठे जेनची वाट मोकळी होते. एवढी विचारलं जाण्याची बाजू घेणारी मी, बर्थाला कुणी काय विचारलं होतं हे लेखात लिहायला विसरले. गुरुनाथच्या प्रेयसीबद्दल, शनायाबद्दलही, एक ओळ उरकली, तीही चेष्टेची. जीन ऱ्हिस यांनी १९६६ मध्ये बर्थाची गोष्ट तिच्या बाजूनं लिहिली. ती मी कॉलेजात असताना अर्धी वाचून सोडली होती, जेनवरचं माझं प्रेम कमी होईल या भीतीनं. काल पुन्हा काढली आहे. काकूलाही रोज थोडी मराठीत सांगते आहे. पूर्ण झाली की दोघींचं म्हणणं इथेच लिहीन, तेव्हा तुम्हीही या.