तो 'नुसता उभा' नसतो

सकाळी एका ग्रुपवर आइस हॉकीतल्या अलेक्झांडर ओवेच्किनच्या गोलची क्लिप आली. (हा रशियन खेळाडू एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा.) बर्फावर गोलसमोर आखलेल्या दोन वर्तुळांपैकी डावीकडच्यात तो उभा, पलीकडून पास आला, स्टिक फिरली, पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) जाळ्यात. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "म्हातारा एका जागी नुसता उभा राहतो, बाकीचे चौघे राबतात." त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगतो.

आइस हॉकीत गोल करणाऱ्याचं वय हातात दिसत नाही, पायात दिसतं. पायातही सगळ्यात आधी उभ्या जागेवरून घेतलेल्या पहिल्या तीन ढांगांत. त्यात निमिषभराचा उशीर झाला की बचावपटूची स्टिक तुमच्या स्टिकपर्यंत पोचते, आणि जो शॉट गोलच्या तोंडासमोरून मारायचा तो तिरक्या कोनातून, लांबून मारावा लागतो. शॉटचा जोर तसाच असतो, नेमही तसाच. जाते ती जागा. म्हणून पंचविशीच्या आसपास गोलांचा आकडा शिखरावर असतो आणि तिशीनंतर बहुतेकांचा उतार सुरू होतो. पास देणं मात्र बराच काळ टिकतं, कारण पास द्यायला नजर लागते.

वेन ग्रेट्झ्की बघा, ज्याचा गोलांचा विक्रम पुढे ओवेच्किनने मोडला. १९८१-८२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, ९२ गोल. १९९१ च्या कॅनडा कप या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पाठीवर मार बसला आणि त्यानंतर एका हंगामात चाळीस गोल पुन्हा कधीच झाले नाहीत. पण १९९७-९८ मध्ये सदतिसाव्या वर्षी गोल २३ आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला कारण ठरलेले पास) ६७, असिस्टमध्ये लीगमध्ये संयुक्त पहिला! शेवटच्या हंगामात गोल ९, असिस्ट ५३. डोकं तेच होतं हो. पाय आणि पाठ राहिली नव्हती.

आणि हा तर नशीबवान. माइक बॉसीने सलग नऊ हंगाम पन्नासच्या वर गोल केले, दहाव्यात पाठ गेली, तरी ६३ सामन्यांत ३८ मारले आणि तिथेच तिशीत सगळं संपलं. पावेल बुरेने २००० - ०१ मध्ये ५९ गोल मारले होते. सगळा खेळ वेगावर. गुडघ्याने दगा दिला आणि एकतिसाव्या वर्षी शेवटचा सामना. ही माणसं आठवली की त्या "नुसता उभा" वर माझं डोकं अजूनच फिरतं. उभं राहून गोल मारणं इतकं सोपं असतं तर बुरे राहिला नसता का उभा?

आता बघू, तो उभा राहतो म्हणजे नेमकं काय करतो.

ओवेच्किन उजव्या हाताचा खेळाडू, आणि पॉवर प्लेवर (म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसलेला असताना) उभा राहतो डाव्या वर्तुळात. मुद्दाम. उजवीकडून आलेला पास त्याच्या अंगावरून पुढे न जाता थेट स्टिकच्या पात्यासमोर येतो, न थांबवता मारता येतो. तोपर्यंत गोलरक्षक पास देणाऱ्याकडे तोंड करून असतो. पक मैदानाच्या उजव्या बाजूकडून डाव्या बाजूला आला की गोलरक्षकाला एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकावं लागतं, आणि सरकताना पायांत, काखेत, खांद्यावर फटी पडतात. गोल सहा फूट रुंद असतो. एका ढकलीत तेवढं अंतर पार करून पुन्हा स्थिर होणं जगातल्या उत्तमोत्तम गोलींनाही (गोलरक्षकांनाही) दर वेळी जमत नाही.

पास येण्याआधी ओवेच्किनचे पाय बघा, पक नाही. वाटेत बचावपटूची स्टिक आली की तो हातभर वर सरकतो, नाहीतर हातभर खाली. कधी मागे जाऊन कोन मोकळा करतो. हे सगळं एवढं सावकाश होतं की क्लिपमध्ये दिसतसुद्धा नाही.

मग तो फटका. पातं आधी बर्फावर आदळतं, पकच्या दोन-तीन इंच मागे. दांडा वाकतो, मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर येतं, आणि वाकलेला दांडा सरळ होताना पक सुटतो. वय वाढलं की बिघडतं ते इथे. कंबर आणि मांडीचा सांधा आखडतो, गुडघा पूर्वीइतका वाकत नाही, शरीर सरळ राहतं, आणि पातं पकच्या पोटात लागण्याऐवजी डोक्यावर बसतं. पक जमिनीलगत घरंगळत जातो. पक कडेवर उड्या मारत आला तर तोच फटका काचेवरून बाहेर. पास स्केट्समध्ये आला तर पक आधी थांबवावा लागतो, आणि तेवढ्यात गोली पोचलेला असतो.

स्टिकचंही तेच. दांड्यावरचा फ्लेक्सचा आकडा म्हणजे तो एक इंच वाकवायला साधारण किती पौंडांचा जोर लागेल ते. तारुण्यात शंभरची स्टिक सहज वाकते. जोर कमी झाला की तीच लोखंडी पहारीसारखी हातात राहते, वाकतच नाही, आणि शॉट मेलेला निघतो. म्हणून आकडा खाली आणायचा. पण फार मऊ घेतली तर जोरदार फटक्यात पातं मागे राहतं, वळतं आणि नेम चुकतो. वर आणखी एक, तीच स्टिक वरून कापून आखूड केली की ती जास्त कडक होते. लांबी आणि फ्लेक्स एकत्र ठरवावे लागतात. तिशीनंतर टिकलेला प्रत्येक गोलस्कोअरर हे हिशेब पुन्हा पुन्हा करतो. याला कुणी "नुसतं" म्हणावं?

आणि "बाकीचे चौघे राबतात" याचं उत्तर त्या क्लिपमध्येच आहे. पॉवर प्ले म्हणजे पाच विरुद्ध चार. त्याच्या शॉटच्या धास्तीने एक बचावपटू त्याला चिकटून राहतो. उरतात चार विरुद्ध तीन. त्या चौघांना जी मोकळी जागा मिळते, ती त्याच्या उभं राहण्यामुळे मिळते.

हो, बचावाला तो मागे फारसा येत नाही. रिकाम्या गोलवरचे (समोरच्या संघाने गोलरक्षक काढून जादा खेळाडू आणला असतानाचे) सर्वाधिक गोलही त्याच्याच नावावर आहेत. मान्य. पुढे चला.

६ एप्रिल २०२५ चा तो ८९५ वा गोल, ज्याने ग्रेट्झ्कीचा ८९४ चा विक्रम मोडला, तो नीट आठवा. पॉवर प्ले, सहकारी टॉम विल्सनचा पास, जागा तीच. पण तो न थांबवता मारलेला धडाकेबाज फटका नव्हताच. त्याने पक घेतला, क्षणभर धरला, समोरच्या बचावपटूलाच पडदा केलं आणि मनगटाने सोडला. गोलरक्षक सोरोकिनला पक सुटताना नीट दिसलाच नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी! आणि त्याच हंगामात नोव्हेंबरमध्ये पायाचं हाड मोडलं होतं, सोळा सामने बाहेर होता, तरी ६५ सामन्यांत ४४ गोल.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. कारण हे एकट्या ओवेच्किनचं नाही. फिनलंडच्या टीमू सेलानेचा गुडघा २००३-०४ मध्ये इतका वाईट होता की ७८ सामन्यांत फक्त १६ गोल. पुढचा हंगाम संघमालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत गेला, त्यात त्याने शस्त्रक्रिया करून घेतली, आणि परतल्यावर ४०, मग छत्तिसाव्या वर्षी ४८. (त्याच वेळी नियम बदलले, अडवाअडवीला शिक्षा वाढली, पॉवर प्ले वाढले, तेही कारण होतंच.) म्हणजे कित्येकदा आपण ज्याला वय म्हणतो तो एक न दुरुस्त झालेला सांधा असतो.

अमेरिकेच्या जो पॅव्हेल्स्कीने तर शॉट मारायचंच कमी केलं. गोलीच्या नाकासमोर उभं राहायचं, मागून आलेल्या शॉटला पात्याने नुसता स्पर्श करून दिशा बदलायची. खालचा हात सैल, पातं किंचित उघडं, नजर पकवर. त्याला वेग लागत नाही, पण पाठीवर सतत स्टिकचे दणके खावे लागतात. एकोणचाळिसाव्या वर्षी एका हंगामात २७ गोल. मैदानी हॉकीतही पाकिस्तानचा सोहेल अब्बास असाच, ३४८ गोल, बहुतेक पेनल्टी कॉर्नरवरून.

जुन्या काळातल्या गॉर्डी हाउचे चाळिशीत एका हंगामात केलेले ४४ गोल कुणीतरी काढणारच. १९६७ मध्ये लीग सहाची बारा संघांची झाली होती, बचाव पातळ झाला होता, ठीक आहे. पण त्या पातळ बचावाविरुद्ध बाकीचे चाळिशीचे कुठे होते?

तर एखादा संपला हे कधी म्हणायचं? गोल आटले म्हणून नाही. २०२३-२४ च्या पहिल्या टप्प्यात ओवेच्किनने दहाही गोल केले नव्हते, सगळ्यांनी त्याला निरोप देऊन टाकला होता. पण शॉट येत होते, फक्त नेहमीपेक्षा फार थोडे आत जात होते. हंगाम संपला तेव्हा ३१ झाले होते, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात, चाळिसाव्या वर्षी, ९०० वा. शॉटची संख्या घटते का ते बघा. प्रतिस्पर्धी त्याच्यावरचा तो एक माणूस काढून घेतात का ते बघा. कोच पॉवर प्लेवर त्या वर्तुळात दुसऱ्याला उभं करतो का ते बघा. यातलं काही झालं तर 'तो संपला' अशी पहिली पोस्ट मीच टाकेन.